माल तयार होताना गिऱ्हाइकास दाखविणे

शेतमालाच्या विक्रीसंबंधी लिहिताना बहुधा प्रतवारी, बांधणी, वाहतूक आणि बाजारभाव या चार गोष्टींचाच विचार केला जातो. प्रस्तुत लेखात त्याच विषयाच्या एका निराळ्या अंगाचा विचार करावयाचा आहे. ते अंग म्हणजे माल कसा तयार होतो हे गिऱ्हाइकास प्रत्यक्ष दाखविणे. हल्ली मोठमोठ्या कंपन्या आपल्या छापाच्या मालाची जाहिरात करिताना तयार मालाचे देखणे चित्र दाखवून थांबत नाहीत. कारखान्यातील भट्टी, कामगारांचे हात, यंत्रांची धुलाई, बिघडलेला नग बाजूस टाकणे, हे सर्व त्या लहान लहान चित्रफितींच्या द्वारे मोबाइलच्या पडद्यावर आणून दाखवितात. अशा चित्रफितींस पडद्यामागील चित्रफिती म्हणतात, आणि लोक त्या मोठ्या आवडीने पाहतात. ही आवड कशामुळे उत्पन्न होते, आणि स्वतःच्या नावाने गूळ, आंबा, बेदाणा किंवा तूप विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास तिचा उपयोग कितपत होईल, हे क्रमाने पाहू.

हा विचार आपणांस अगत्याचा का, हे आधी सांगितले पाहिजे. शेतकऱ्याचा माल गावाची वेस ओलांडून गेला की त्याचे नाव पुसले जाते. ज्याने गाळप केले त्याचे नाव राहत नाही. ज्याने पिशवी शिवली त्याचे नाव राहते, आणि नफ्याचा मोठा वाटाही नावामागोमाग जातो. हे नाव परत मिळवावयाचे तर अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास मिळविला पाहिजे. भेसळीने एकदा तोंड पोळलेले गिऱ्हाईक ताकही फुंकून पिते; नुसत्या 'शुद्ध' या शब्दावर ते आता विश्वास ठेवीत नाही. उलट आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हीच रीत जुनी. मूठ उघडली तर तिचे मोल वाढते की घटते, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

नित्याचे काम आणि नवखे डोळे

माल तयार होताना दाखविण्याची कल्पना चित्रफितींहून पुष्कळ जुनी आहे. एकोणिसावे शतक संपून विसावे सुरू होण्याच्या सुमारास अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स या नावाचा एक नामांकित जाहिरात-लेखक होता. त्याच्याकडे मिलवॉकी शहरातील श्लिट्झ या बिअरच्या कारखान्याचे काम आले. त्या काळी सर्वच बिअरवाले आपला माल 'शुद्ध' असल्याचे मोठ्या अक्षरांत छापीत, आणि सर्वच छापीत असल्यामुळे त्या शब्दाला काही किंमत उरली नव्हती. हॉपकिन्सने लिहिण्यापूर्वी कारखाना फिरून पाहिला. गाळलेल्या हवेच्या, काचेच्या भिंतींच्या खोल्यांत बिअर थंड होत होती. नळ व पंप दिवसातून दोनदा धुतले जात होते. प्रत्येक बाटली चार वेळा स्वच्छ केली जात होती. आणि मिशिगन सरोवर दाराशी असूनही पाणी मात्र ४,००० फूट खोल विहिरींतून आणले जात होते.

हे सर्व लोकांस का सांगत नाही, असे त्याने मालकांस विचारले. सर्वच कारखान्यांत असेच करितात, त्यात सांगण्यासारखे काय आहे, असे उत्तर मिळाले. हॉपकिन्सने मात्र नेमके तेच लिहून काढले. श्लिट्झचा खप पाचव्या क्रमांकावर होता. काही महिन्यांतच तो पहिल्या क्रमांकाच्या बरोबरीस आला, असे त्याने १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. जाहिरातदाराने स्वतःच्या यशाचे केलेले वर्णन म्हणून त्यातून थोडे वजा धरले, तरी त्यातील तत्त्व खरे आहे. करणाऱ्यास जे रोजचे वाटते ते पाहणाऱ्यास नवल वाटते.

आपल्या गुऱ्हाळाची गोष्ट घ्या. काहिलीत रस तापू लागला की वर येणारी मळी झाऱ्याने काढणे, रस निवळावा म्हणून भेंडीच्या चिकट पाण्याचा उपयोग करणे, आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी होते की नाही हे पाहणे, यांत गुळव्याला विशेष काहीच वाटत नाही. परंतु ज्याने गूळ केवळ दुकानाच्या फळीवर पाहिला आहे, अशा शहरवासी मनुष्याच्या दृष्टीने हे एक अपूर्व शास्त्र होय. 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण आपण खेदाने उच्चारतो. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, जेथे पिकत नाही तेथे पिकविण्याची हकीकतही मालाबरोबर विकली जाते.

दार कोण उघडतो, यावर सर्व अवलंबून

आता दुसरी बाजू पाहू. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर या लेखकाची 'द जंगल' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. शिकागो येथील मांसाच्या कारखान्यांत राबणाऱ्या मजुरांची दैना जगापुढे मांडावी, हा तिचा हेतू. परंतु वाचकांस धक्का बसला तो तेथील घाणीच्या वर्णनाने. जनक्षोभ इतका उसळला की सरकारला चौकशी करावी लागली, आणि त्याच वर्षी ३० जून रोजी अन्नशुद्धीचा व मांसतपासणीचा असे दोन कायदे संमत झाले. येथेही कारखान्याचे आतील दृश्यच लोकांपुढे आले. मात्र दार मालकांनी आपण होऊन उघडले नाही, ते बाहेरच्याने उघडले. श्लिट्झची कीर्ती वाढली व शिकागोच्या मांसवाल्यांची नाचक्की झाली, यातील बोध उघड आहे. आजच्या काळी तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणून दार कायमचे बंद राहील अशी आशा धरणे शहाणपणाचे नव्हे.

संशय उत्पन्न झाल्यावरही दार उघडता येते, याचे एक अलीकडचे उदाहरण आहे. जाहिरातीतील तुमचा पदार्थ दुकानातील पदार्थाहून इतका निराळा का दिसतो, असा प्रश्न मॅकडोनाल्ड्स या कंपनीच्या कॅनडातील शाखेस एका गिऱ्हाइकाने विचारला. २०१२ साली कंपनीने त्याचे उत्तर चित्रफितीच्या रूपाने दिले. दुकानातून एक बर्गर विकत घेऊन तो छायाचित्रकाराच्या खोलीत नेला आणि जाहिरातीसाठी दुसरा कसा सजवितात ते सर्व दाखविले. जिन्नस तेच होते. परंतु कांदा, काकडीचे लोणचे व चटणी ही कॅमेऱ्यास दिसावीत म्हणून हाताने पुढील कडेस आणून ठेवीत होते, आणि हे काम काही तास चालले होते. दुकानातील बर्गर डब्यातील वाफेने किंचित आक्रसतो, हेही सांगितले. ही चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली. जाहिरातीतील चित्र सजविलेले असते ही कबुलीच या जाहिरातीत होती, आणि तिचे आकर्षणही त्या कबुलीतच होते. आपली उणी बाजू जो स्वतःच्या मुखाने सांगतो, त्याची दुसरी बाजूही ऐकून घेण्यास लोक तयार होतात.

आणंदच्या शेतकऱ्यांचा दाखला

वरील उदाहरणे परदेशी कंपन्यांची झाली. शेतकऱ्यांनी स्वतःचे काम स्वतःच्या खर्चाने जगास दाखविले, असा दाखला आपल्या शेजारी गुजरातेत आहे. खेडा जिल्ह्याचे दूध मुंबईस जाई. परंतु ते खरेदी करण्याचा मक्ता पोल्सन या खासगी दुग्धालयाकडे होता, आणि भाव ठरविणे उत्पादकाच्या हाती नव्हते. सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. त्यातून त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आणंद येथे १९४६ साली सहकारी दूध संघाची नोंदणी झाली. पुढे व्हर्गीस कुरियन येऊन मिळाले, आणि संघाचा माल 'अमूल' या नावाने देशभर पोहोचला.

या चळवळीवर १९७६ साली 'मंथन' हा हिंदी बोलपट निघाला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथाकार आपले विजय तेंडुलकर, आणि प्रमुख भूमिकेत स्मिता पाटील. असा मराठी माणसांचाही त्यात मोठा वाटा होता. भांडवल मात्र कोणा शेटजीचे नव्हते. गुजरातेतील ५ लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १० लाख रुपये उभे राहिले. बोलपटाच्या आरंभी निर्माते म्हणून याच ५ लाख शेतकऱ्यांचा उल्लेख येतो. पुढे खेडेगावे ट्रक भरभरून आपलेच चित्र पाहावयास आली. नव्या गावांत दूध-संस्था काढण्याच्या कामीही त्याच्या प्रतींचा उपयोग करण्यात आला, आणि त्यातील गीत कित्येक वर्षांनी अमूलच्या दूरदर्शनवरील जाहिरातींतही ऐकू आले. बोलपटाची जुनी फीत दुरुस्त करून २०२४ साली फ्रान्समधील कान येथील चित्रपट महोत्सवात तो पुन्हा दाखविण्यात आला.

आपणांस विशेष लक्षात घ्यावयाचे ते हे की, या बोलपटात दुधाची पांढरीशुभ्र धार आणि हसतमुख गवळणी एवढेच दाखविलेले नाही. गावातील जातिभेद, सरपंचाचा हेका, व्यापाऱ्याचे डावपेच, बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याचे अपुरे राहिलेले काम व त्याचे निघून जाणे, हे सर्व त्यात आहे. ज्यांनी पैसा पुरविला त्यांच्याच गावच्या भांडणांवर त्यात पांघरूण घातले नाही. म्हणूनच संस्था पुन्हा उभी राहते तेव्हा पाहणाऱ्यास ते खरे वाटते. कष्टाची किंमत कळावयाची तर कष्ट व अडचण ही दोन्ही दिसली पाहिजेत. नुसते यश दाखविले तर ती भाट-चारणांची स्तुती होते.

दाखविण्याचा परिणाम दाखविणाऱ्यावरही होतो

या विषयाचा शास्त्रीय दृष्टीनेही अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या रायन ब्युएल व मायकेल नॉर्टन या संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, आपल्यासाठी कोणते काम चालले आहे हे डोळ्यांपुढे दिसत असल्यास लोक थोडे थांबावयासही राजी असतात, आणि मिळालेल्या सेवेचे मोल अधिक मानतात. श्रम दिसले म्हणजे वस्तूचे मोल मनात वाढते.

ब्युएल यांनी इतर सहकाऱ्यांसह केलेला दुसरा प्रयोग याहून उद्बोधक आहे. एका विद्यापीठाच्या भोजनगृहात आचारी व जेवणारे यांनी एकमेकांस पाहण्याची निरनिराळ्या वेळी निरनिराळी व्यवस्था केली. जेवणाऱ्यांस आचारी दिसत, परंतु आचाऱ्यांस जेवणारे दिसत नसत, तेव्हा समाधानात वाढ झाली नाही. आचाऱ्यांस जेवणारे दिसू लागले, तेव्हा जेवणाऱ्यांचे समाधान सुमारे १० टक्क्यांनी वाढले. दोघे एकमेकांस दिसू लागले, तेव्हा ही वाढ १७.३ टक्के झाली, आणि कामही १३.२ टक्के लवकर उरकू लागले.

या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. केवळ पाहिल्याने गिऱ्हाइकाचे समाधान वाढले नाही. करणाऱ्यास खाणारा दिसू लागला तेव्हा ते वाढले. आपले काम कोणासाठी आहे हे समोर दिसले म्हणजे हात आपोआप नीट चालतो. घरी पाहुणा जेवावयास बसला असता गृहिणी भाकरी जरा अधिक मन लावून थापते, हा अनुभव घरोघरचा आहे. यावरून असे निघते की, चित्रफीत ही एकाच बाजूने उघडणारी खिडकी असून उपयोगाची नाही. पाहणाऱ्यांचे प्रश्न, तक्रारी व शाबासकी ही गुऱ्हाळावरील माणसांपर्यंत पोहोचली पाहिजेत. तरच तिचा खरा लाभ पदरात पडेल.

गुऱ्हाळाची चित्रफीत कशी असावी

आता व्यवहाराकडे वळू. गुळाचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. कारण येथे मूठ झाकून ठेवल्याने शेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होते. पिवळाधमक गूळ बाजारात डोळ्यांत भरतो, आणि तो रंग आणण्यासाठी कित्येक ठिकाणी हायड्रॉस पूड वापरितात. ती न वापरता केलेला गूळ बहुधा तांबूस किंवा गडद निघतो. न पाहिलेल्या गिऱ्हाइकास तो हलका वाटतो, आणि प्रामाणिक मनुष्यास कमी भाव पत्करावा लागतो. रंगाचे कारण सांगून पटत नाही. काहिलीपाशी नेऊन दाखविले तर पटते. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रथम जागा नीट करावी, मग कॅमेरा काढावा. चरकाभोवतीचा चिखल, रसाच्या टाकीवरील माश्या, उघडे वाफे यांची व्यवस्था आधी झाली पाहिजे. चित्रीकरणाच्या एका दिवसापुरती केलेली स्वच्छता लपत नाही.

२. क्रम तुटू देऊ नये. ऊस तोडून आणण्यापासून रसाचे गाळप, मळी काढणे, पाकाची परीक्षा, वाफ्यात ओतणे व ढेप बांधणे, असे सर्व टप्पे दाखवावेत. काकवी उतरविण्याची वेळ व गूळ उतरविण्याची वेळ यांत फरक असतो. गुळाचा पाक सुमारे ११६ ते ११८ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. अशी माहिती बोलताना द्यावी. १०० किलो उसापासून साधारणतः १० ते १२ किलोच गूळ मिळतो, एवढे कळले तरी भावाविषयीची निम्मी घासाघीस कमी होईल.

३. बोलावयाचे ते काम करणाऱ्यानेच बोलावे. गुळव्याची गावरान भाषा व अनुभवाचा शब्द यांची बरोबरी भाडोत्री निवेदकास साधणार नाही. त्याची संमती घ्यावी, त्यास योग्य श्रेय द्यावे, आणि मजुरांचे चित्र त्यांस न विचारता घेऊ नये.

४. बिघडलेले आधणही दाखवावे. पाक पुढे गेला, गूळ चिकट झाला, पावसाने चिपाड भिजून जाळ मंदावला, असे प्रसंग येतातच. तो माल कसा वेगळा काढला हे दाखविल्याने चांगल्या मालाची प्रतिष्ठा वाढते.

५. दिनांक, गाव व आधणाचा क्रमांक सांगावा, आणि तोच क्रमांक पिशवीवर घालावा. चित्रफीत एका गुऱ्हाळाची व माल दुसऱ्याचा, असा प्रकार झाल्यास ती सरळ फसवणूक होय.

आपले कसब दुसरा उचलील, ही भीती अनेकांस वाटते. परंतु गुळव्याचे कसब हातात व नजरेत असते. ते पाहून लगेच साधले असते तर चांगल्या गुळव्यास दर हंगामी इतकी मागणी कशास राहिली असती?

चित्रफितीची मर्यादा

या साधनाची स्तुती करिताना त्याची सीमाही सांगितली पाहिजे. कॅमेरा डोळ्यांस दिसते तेवढेच दाखवितो. द्राक्षाच्या मण्यावरील औषधाचा अंश, दुधातील स्निग्धांश किंवा गुळातील गंधकाचे प्रमाण त्यास दिसत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकून पडली, तेव्हा बागांची कितीही सुंदर चित्रे असती तरी ती उपयोगी पडली नसती. तेथे बागेची नोंदणी, फवारणीची वही व प्रयोगशाळेचा दाखला यांनीच निभाव लागतो. निर्यातीच्या द्राक्षांसाठी 'ग्रेपनेट' ही नोंदणीची व्यवस्था आहे, आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीच्या कामी देशाची निर्देश प्रयोगशाळा म्हणून मानले गेले आहे. पडद्यामागचा हा कागदोपत्री भागही गिऱ्हाइकास दाखविण्याजोगा आहे. चित्रफीत व तपासणीचा दाखला ही बैलजोडीप्रमाणे बरोबर चालली पाहिजेत.

दुसरे असे की, खोटे चित्र दाखविणे हा केवळ नीतीचा प्रश्न नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा उसने गुऱ्हाळ, भाड्याची बैलजोडी आणि शहरातून आणलेला मुंडासेवाला म्हातारा यांच्या साहाय्याने रचलेले नाटक टाळणे सर्व दृष्टींनी हिताचे आहे.

उपसंहार

एकंदर विवेचनावरून इतके स्पष्ट होईल की, पडद्यामागील चित्रफितींची गोडी केवळ कुतूहलाची नाही. जे आपण खातो ते कोणाच्या हातचे आहे, हे जाणण्याची मनुष्याची इच्छा पूर्वी गावच्या आठवडे बाजारातच तृप्त होत असे. विकणारा व पिकविणारा एकच असे, आणि घेणारा त्यास नावाने ओळखत असे. शहरे वाढली, मध्ये अनेक हात आले, आणि ती ओळख तुटली. मोठ्या कंपन्या आज मोठा खर्च करून तीच ओळख पुन्हा जोडू पाहत आहेत. आपणांस ती जोडण्यासाठी सोंग करावे लागत नाही. खळे, गोठा, बाग व गुऱ्हाळ ही आपलीच आहेत आणि काम रोज चाललेलेच आहे.

मात्र मूठ उघडावयाची तर तिच्यात मोल असले पाहिजे. चित्रफीत हा गिऱ्हाइकास दिलेला शब्द आहे, आणि तो प्रत्येक आधणास पाळावा लागतो. येत्या हंगामात एखाद्या गावच्या पाचदहा गुऱ्हाळवाल्यांनी एकत्र येऊन, आपसांत स्वच्छतेचे व शुद्धतेचे नियम ठरवून, एकाच नावाखाली हा प्रयोग करून पाहावा. आणंदच्या शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून बोलपट काढला. आज त्याहून कमी खर्चात आपले काम जगापुढे मांडता येते. नियम पाळण्याची तयारी तेवढी आपल्यापाशी हवी.